अजून थोडं मीठ

आजारी माणसाने गरीब, गोड आणि आभारी असावं अशी लोकांची अपेक्षा असते. मावशी यातलं काहीच नव्हती. केमोच्या पहिल्याच दिवशी सुई लावायला आलेली सिस्टर तिला म्हणाली, "घाबरू नका हं, आजी."

"आजी कुणाची? माझ्या लेकीचं अजून लग्न व्हायचंय," मावशी म्हणाली. "आणि घाबरलीयेस तू. हात बघ कसा थरथरतोय तुझा. आधी घोटभर पाणी पी, मग टोच."

सिस्टर नवीन होती. ती खरंच पाणी प्यायली आणि मग पहिल्या झटक्यात तिला शीर सापडली. मी शेजारच्या खुर्चीत होते. त्या खोलीत यायला लागल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मावशी बस गॅरेजच्या कँटीनची स्वयंपाकीण. शहरातल्या निम्म्या बस रात्री जिथे मुक्कामाला येतात ते गॅरेज. बस धुवायच्या जागेमागे पत्र्याची शेड, आत दोन मोठ्या शेगड्या, भिंतीत ताटं बाहेर सरकवायला खिडकी, आणि खिडकीपलीकडे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक यांची भुकेली फौज. तिच्या स्वयंपाकाला माप नव्हतं. चिमटीने किंवा मुठीने टाकायचं, पळीतला थेंब मनगटावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि मग ठरवायचं. भात जरा मऊ झाला की पलीकडून टेबलं बडवली जायची. मावशी खिडकीतून डोकं काढून त्यांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार करायची. दोन्ही बाजूंना त्यात मजा यायची. यालाच ती नोकरी म्हणायची.

केमोच्या खोलीत आमची एक रीत होती. कुणी सुरू केली देव जाणे. बाहेर जो तो आवाज खाली आणून विचारतो, "कुठे झालाय?" आम्ही ते कधीच विचारायचो नाही. नवा माणूस खुर्चीत टेकला की विचारायचं, "काम काय करता?" तो जे सांगेल तेच त्याचं नाव. त्यामुळे खिडकीजवळ वायरमन बसायचा, त्याच्या पलीकडे शिलाई. नळाला पाणी येत नाही म्हणून मी बायका घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसते, म्हणून मी मोर्चा. मावशी झाली कँटीन. फायलीवर काय नंबर आहेत ते दवाखान्याचं दवाखान्याला माहीत.

या रीतीत एक कडक नियम होता. काम सांगताना 'होतो' म्हणायचं नाही. वायरमनने पहिल्या दिवशी सांगितलं, "मी वायरमन होतो." शिलाई तिकडून कडाडली, "होतो म्हणजे? मेलास का? मग खुर्ची अडवून का बसलायस?" बिचाऱ्याने घाईघाईने 'आहे' म्हटलं. पुढे तोच नियमाचा सगळ्यात मोठा हवालदार झाला.

वायरमनच्या भुवया गळून गेल्या होत्या. शिलाई त्याला कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीने भुवया काढून द्यायची. तिचा मूड बिघडलेला असला की एक भुवई वर, एक खाली. अख्खा दिवस तो संशयी चेहऱ्याने सलाइन घ्यायचा.

मावशीची शेवटची केमो झाली त्या दिवशी कुठल्याशा संस्थेच्या एक बाई फुगा घेऊन आल्या. "तुम्ही लढवय्या आहात," त्या म्हणाल्या. "लढाई जिंकलात!"

मावशीने फुग्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "कुणाशी लढले मी? मी खुर्चीत पडून होते, औषध आपोआप आत जात होतं. लढाई आता सुरू होईल बाई. माझी शेगडी बंद करून टाकलीये."

ते खरं होतं. मावशी रजेवर गेल्यावर गॅरेजच्या मॅनेजरने 'तात्पुरती सोय' म्हणून बाहेरून बंद डबे मागवायला सुरुवात केली होती. प्लास्टिकचे, झाकण चिकटवलेले. शेगड्या थंड पडल्या. तात्पुरती सोय कशी असते ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या वस्तीत तात्पुरता टँकर इतकी वर्षं येतोय की नळ कुठे होता ते लोक विसरले.

मी तिच्यासोबत मॅनेजरकडे गेले. असल्या लोकांशी कसं बोलायचं ते मला जमतं असा माझा समज आहे. पण मला बोलायची वेळच आली नाही.

"मावशी, बसा, बसा," मॅनेजर म्हणाला. "आमच्यासाठी खूप केलंत. आता स्वतःकडे बघा. आपण मस्त निरोप समारंभ करू. काय सांगू, तुम्ही या कँटीनचा आत्मा होतात."

"होतात?" मावशी म्हणाली. "साहेब, मी समोर बसलेय."

मॅनेजर हसला. "तसं नाही हो. पण एवढा मोठा आजार, एवढी मोठी भांडी. झेपणार आहे का?"

"झेपतं की नाही ते भांड्याला विचारू. एक दिवस द्या."

तो खुर्चीत मागे रेलला. "ठीक. येत्या सोमवारी दुपारचं जेवण करा. सगळ्यांची ताटं रिकामी आली, एकानेही टाकलं नाही, तर शेगडी तुमची. नाहीतर समारंभ."

लबाड माणूस. ड्रायव्हर लोकांची ताटं कधीच सगळी रिकामी येत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मावशी "चालेल" म्हणून उठली, ताठ मानेने दाराबाहेर पडली आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मटकन बसली.

"मोर्चा," ती म्हणाली, "मला चव लागत नाही गं."

"काहीच नाही?"

"पाणी पत्रा चाटल्यासारखं. साखर म्हणजे वाळू. आणि मीठ तर नाहीच. कुठे गेलंय कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणतात येईल परत, थोडे महिने जातील. सोमवार काय थोड्या महिन्यांनी येणार आहे?" तिने हात पुढे केला. नखं काळी पडली होती. "बोटांची टोकंही बधिर. चिमटीत मीठ आहे की हवा, ते डोळ्यांनी बघावं लागतं."

"घरी सांगितलंस?"

"वेडी आहेस का? लेकीला कळलं तर स्वयंपाकघराला कुलूप लावेल. आधीच दोन वेळा म्हणून झालंय, आई, आता बस कर. आणि नवऱ्याची जीभ असून नसल्यासारखीच. इतक्या वर्षांत एकच शेरा. 'आहे का अजून?'"

ही बातमी आमच्या खोलीत पोचली तेव्हा वायरमन सलाइन लावलेला हात वर करून म्हणाला, "कँटीनमावशी, त्यात काय एवढं! आम्ही आहोत ना. आमची जीभ ती तुमची जीभ." शिलाई म्हणाली, "माझ्याकडे या सगळे. मी एकटीच असते. कुणी विचारणारं नाही."

शिलाईचं दुकान पुढे, मागे एक खोली. जमिनीवर दोऱ्यांची गुंतवळ, मशीनवर कुणाचा तरी अर्धा ब्लाउज, कोपऱ्यात एक शेगडी. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिथे जमलो. मावशीने मसूर शिजवला, कोबी परतला, भात केला. मीठ तिने मुठीने टाकलं, सवयीने, विचार न करता. फोडणीचा वास आला तेव्हा ती थांबली, नाकाने वास ओढला आणि म्हणाली, "नाक तरी आपलं आहे."

वायरमनने पहिला घास घेतला. चेहरा पडला. "अळणी."

शिलाईने चाखलं. "अगदीच अळणी गं. दवाखान्याच्या ताटासारखं."

मावशी आपल्या मुठीकडे बघत राहिली. "हाताने तर नेहमीसारखंच टाकलं होतं."

"हात बधिर आहे ना तुझा?"

"आहे."

"मग त्याच्यावर काय विश्वास ठेवतेस?"

हे तिला पटलं. कुणालाही पटलं असतं. तिने आणखी मीठ टाकलं. "अजून थोडं," वायरमन म्हणाला. ती टाकत गेली. "अजून थोडं. अजून... हां! आता कसं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती महिन्यांनी जेवण जेवणासारखं लागतंय, मावशी!" शिलाईने भात दुसऱ्यांदा घेतला. वायरमनने पातेलं बोटाने पुसून खाल्लं. माझ्या तोंडात फोड आले होते, मी थंड दूध स्ट्रॉने ओढत बसले होते, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. पण त्या दोघांना जेवताना बघून माझंही पोट भरलं. महिनोन्‌महिने बशीकडे शत्रूसारखं बघणारी माणसं ती. त्यांनी मागून घेऊन खाल्लं.

सोमवारपर्यंत रोज हीच तालीम चालली. मुठीवर भरवसा नको म्हणून शिलाईने तिला एक वाटी दिली. मीठ किती, ते त्या वाटीने पक्कं ठरलं. मोठ्या पातेल्याचा हिशोब मावशीने मनात केला.

सोमवारी आम्ही गॅरेजमध्ये पोचलो तेव्हा धुतलेल्या बस निथळत उभ्या होत्या. कँटीनचा धूर ओढणारा पंखा बंद पडला होता. वायरमन टेबलावर स्टूल ठेवून चढला आणि काही वेळात तो घरघरायला लागला. शिलाईने कोबीचा ढीग इतका बारीक चिरला की जणू कापड बेतत होती. मावशीसाठी तिने नाडी ओढायची सुती टोपी शिवून आणली होती. टक्कल झाकायला नाही. "घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून," शिलाईने बजावलं.

मावशीला फार वेळ उभं राहवत नव्हतं. मसूर ढवळायचा, मग उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर टेकायचं, पुन्हा उठायचं. "बस थोडी," मी म्हटलं. "बसायचं असतं तर समारंभालाच बसले नसते का?" ती म्हणाली. मग वाटीने मोजून मीठ टाकलं. वायरमन आणि शिलाईने चाखलं. दोघांनी माना डोलावल्या. एकमत!

दुपारी रांग लागली. मावशी खिडकीत उभी. पहिल्या ड्रायव्हरने घास घेतला. जरा थांबला. मग पाणी प्यायला आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "छान झालंय, मावशी."

दुसरा म्हणाला, "एक नंबर."

तिसरा, चौथा. सगळे मान खाली घालून जेवत होते. शाळेतल्या पोरांसारखी शिस्त. टेबलावर थाप नाही, शिवी नाही. मावशीचं हसू हळूहळू आटत गेलं.

"मोर्चा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "इतक्या वर्षांत या लोकांनी मला एकदाही छान म्हटलेलं नाही. काहीतरी बिघडलंय." मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "शिलाई, पाण्याचं पिंप भरलं होतंस ना?"

"काठोकाठ."

"मग ते लोक तळ का खरवडतायत?"

तेवढ्यात कुरकुऱ्या आला. हा गॅरेजचा सगळ्यात जुना मेकॅनिक. नाव पडलं तेच त्याच्या तोंडामुळे. कोपरापर्यंत ग्रीस. अर्धा दिवस बसच्या खाली पडून होता, आज कोण रांधतंय, काय अट लागलीये, कशाचाच पत्ता नाही. खिडकीतून मावशीच्या हातून ताट घेतलं, मोठा घास कोंबला आणि ताटातच थुंकला.

"मावशी! हे जेवायचं की यानं नटबोल्टचा गंज काढायचा?"

एक कंडक्टर त्याचा शर्ट ओढत कुजबुजला, "गप ना. आजारी आहेत त्या."

मावशी हातात पळी घेऊन बाहेर आली. "कोण आजारी?"

कंडक्टरने शर्ट सोडून दिला.

"खारट आहे?" तिने कुरकुऱ्याला विचारलं.

"खारट? जीभ सोलून निघाली माझी!"

"पण मला तर बरोबर लागतंय," दारातून वायरमन म्हणाला.

"मलाही," शिलाई म्हणाली.

मावशी वळली. दोघांकडे तिने नीट बघितलं. वायरमनच्या पेन्सिलीच्या भुवया घामाने गालावर ओघळल्या होत्या. शिलाईचा स्कार्फ मागे सरकला होता. खाली चकचकीत डोकं.

"वायरमन," मावशी सावकाश म्हणाली, "घरी जेवण कसं लागतं तुला?"

"घरी? घरी काहीच लागत नाही. पुठ्ठा. म्हणून तर तुमचं..." तो थांबला. हात तोंडावर गेला. "आई शप्पथ."

"तीन जणांत मिळून एक जीभ धड नाही," मावशी म्हणाली, "आणि निघालो अख्ख्या गॅरेजला जेवू घालायला! म्हणजे हात माझा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता!"

मला हसू आवरेना. खांबाला धरून हसले. शिलाईचा चेहरा रडका झाला होता, पण मावशीला तिच्यावर रागवायला वेळच नव्हता. ती टेबलांकडे वळली होती.

"आणि तुम्ही! कोबी जरा कच्चा राहिला तर माझा बाप काढायचात. आज मी समुद्र वाढला आणि छान म्हणताय? एक नंबर म्हणताय? हे कुणी शिकवलं? मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून?"

"चुकलं, मावशी," पहिला ड्रायव्हर पुटपुटला.

"चुकलं नको म्हणूस. खारट म्हण."

"खारट आहे."

"हे काय कुईं-कुईं करतोस? गाडी चालवतोस ना? हॉर्न कसा मारतोस?"

"खारट आहे!" तो ओरडला. मग पलीकडच्या टेबलावर थाप पडली. मग दुसऱ्यावर. मग पत्रे हादरेपर्यंत सगळी कँटीन बडवायला लागली. खारट! खारट! मावशी मधोमध कमरेवर हात ठेवून उभी. रंग चढला होता तोंडावर. त्या दिवशीइतकी चांगली तब्येत तिची मी कधी पाहिली नव्हती.

आवाज ऐकून मॅनेजर आला. चेहरा दुःखी करायचा प्रयत्न होता, पण मिशीत हसू मावत नव्हतं. "मावशी, ऐकलं मी. वाईट वाटतं. पण आता आपण..."

"अट काय होती, साहेब?" मावशी म्हणाली.

"अं?"

"तुमची अट. ताटं रिकामी. चवीबद्दल तुम्ही अवाक्षर बोलला नव्हतात. बघा की."

मॅनेजरने बघितलं. सगळ्यांनी बघितलं. दयेपोटी असो, लाजेपोटी असो, प्रत्येकाने शितन्‌शीत संपवलं होतं. एकच ताट भरलेलं होतं. कुरकुऱ्याचं.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. एव्हाना शेजाऱ्याने त्याच्या कानात सगळं ओतलं होतं. त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मग ताटाकडे. थुंकलेला घास बोटाने कडेला केला, शेजाऱ्याचा पाण्याचा ग्लास ओढून घेतला आणि जेवायला बसला. घास, पाणी, घास, पाणी. मधेच म्हणाला, "खारट आहे, पण जेवण आहे. त्या डब्यात काय असतं ते अजून कुणाला कळलेलं नाही." कडेचा घासही त्याने शेवटी डोळे मिटून गिळला आणि ताट उलटं करून दाखवलं. एक थेंब पडला नाही.

"माझ्या म्हणण्याचा अर्थ तो नव्हता," मॅनेजर म्हणाला.

"मग जो होता तो सांगायचा होता," मावशी म्हणाली. "उद्या सकाळी गॅस लागेल मला. आणि त्या डबेवाल्यांना जाताना फडताळ धुऊन जायला सांगा, वास येतोय."

मॅनेजरने टेबलांकडे पाहिलं. हात अजून थापेच्या तयारीत होते. तो गेला.

त्यानंतर दोन दिवस शिलाई तोंड लपवून होती. मावशी स्वतः तिच्या दुकानात गेली. "रुसलीस काय? सगळ्या दुनियेने माझी कीव केली, तुम्ही दोघांनी माझं जेवण मागून घेऊन खाल्लं. खारट तर खारट. चल, टोपीची नाडी तुटलीये, लाव."

जिभेचं काय करायचं ते तिने तिथल्या तिथे ठरवलं होतं. जो ताटात थुंकला तोच चाखणार. मीठ मुठीनेच टाकायचं, आणि रोज जेवणाआधी कुरकुऱ्याने खिडकीशी येऊन चमचा घ्यायचा. त्याला याचा इतका माज चढला की बोलायची सोय नाही. "जरा कमी आहे." "आज जमलंय, पण कालच्याइतकं नाही." मावशी दात ओठ खाऊन ऐकायची, कारण ऐकावंच लागायचं. परक्याच्या तोंडाने स्वयंपाक करणं तिला केमोपेक्षा जड गेलं, असं तिने मला एकदा सांगितलं. लेकीला आता सगळं कळलं होतं. ती ओरडली, रडली आणि मग आईच्या पायांना आधार म्हणून खिडकीशी ठेवायला एक उंच स्टूल घेऊन आली.

वायरमनची शेवटची केमो झाली, मग शिलाईची, मग माझीही. तपासणीला जायचं असलं की परतताना आम्ही गॅरेजमध्ये जेवायचो. रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहून. मावशी कुणाला आधी वाढायची नाही.

अशाच एका दुपारी कुरकुऱ्याने चमचा घेतला, जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "मीठ कमी. अजून थोडं टाका."

मावशीने हात डब्याकडे नेला आणि थांबवला. पळीतला थेंब मनगटावर घेतला. जिभेला लावला. डोळे मिटले. रांग पुढे सरकेना. कुणीतरी मागून "काय झालं?" म्हणालं. मावशीने आणखी एक थेंब घेतला.

"नाही," ती म्हणाली.

"अहो मावशी, मी सांगतोय ना, कमी..."

"नाहीये कमी. बरोबर आहे. तू तंबाखू खाऊन आलायस."

कुरकुऱ्याने तिच्या ओल्या मनगटाकडे बघितलं. त्याला कळलं. चमचा त्याने खिडकीत ठेवला. "मग उद्यापासून मी..."

"उद्यापासून रांगेत. सगळ्यांसारखा."

तो वळून ओरडला, "मावशीची जीभ आली रे!" वायरमनने शिट्टी मारली. त्याच्या भुवया उगवल्या होत्या, अजून विरळ, पण दोन्ही एका रेषेत. टाळ्या सुरू होणार होत्या. तेवढ्यात रांगेच्या शेपटाकडून आवाज आला, "आली ना जीभ? मग आता त्या कोबीचं काहीतरी करा, मावशी! वीट आलाय!"

मावशीने खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं.

"कोण बोललं ते? पुढे ये."